कुठं म्हणू नये

आमच्याकडं एक शब्द असा आहे, जो घरात बसून दिवसभर वापरला तरी चालतो, पण समोरच्यानं पायात चप्पल घातली की तोंडातून काढायचा नाही. तो शब्द म्हणजे ‘कुठं’. निघालेल्या माणसाला ‘कुठं निघालाव’ असं विचारलं की ते लागतं आणि काम होत नाही. विचारल्याशिवाय राहवतच नसेल तर ‘लांब का?’ एवढंच विचारावं. त्यानं ‘व्हय, जरा लांब’ नाहीतर ‘न्हाई, हितंच’ म्हणावं आणि दोघांनी काय ते समजून घ्यावं. हुमनाबादेत आमच्या शेजारचे कन्नड बोलणारे लोकही ‘एल्लिगे’ म्हणत नाहीत, ‘दूरा?’ म्हणतात. तेव्हा हा काही एकट्या आमच्या घरातला येडेपणा नव्हे. आमच्या घरातला येडेपणा याच्या पुढचा आहे.

चुकून कुणी ‘कुठं’ विचारलंच, तर माघारी फिरायचं, घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. बाकीचे लोक हे सवडीनं पाळतात. मालकांनी ते नोकरीतल्या नियमासारखं पाळलं. मालक म्हणजे माझा नवरा, बत्तीस वर्षं सरकारी बस चालवली. ज्या माणसाला फलाटावर रोज शंभर लोक ‘कुठं जायलीय गाडी’ म्हणून विचारतात त्यानं हा नियम पाळायचा कसा, असं मी लग्नानंतर आठ दिवसांतच विचारलं होतं. ते म्हणाले, “ते मला न्हाई, बसला इचारतेत. आन बसला लागत न्हाई. तिच्या कपाळावरच लिवलेलं असतंय.”

मी मुडबीच्या मराठी शाळेत मास्तरीण होते. वर्गात कारणं द्या, कारणं द्या म्हणून पोरांच्या मागं लागायचे आणि घरी आल्यावर ह्या कारणापुढं मुकाट बसायचे.

पुढं गावात मोबाईल आले आणि सगळा देश एकमेकांना दिवसभर ‘कुठं हायस?’ विचारायला लागला. हॅलोच्या आधी कुठं. मालकांनी मोबाईल घेतलाच नाही. “सारखं कुठं-कुठं करनारा कावळा खिशात घालून कोन हिंडंल,” म्हणाले. अशा माणसाबरोबर मी न्यूझीलंडमध्ये एक आख्खा दिवस मोटारीतून प्रवास केलेला आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजून एखाद्यानं माझ्यासमोर उगाच ‘कुठं’ म्हटलं की माझा हात पाण्याच्या तांब्याकडं जातो.

आमची लेक तिकडं राहत होती. हैदराबादला एका दवाखान्यात नर्स असताना तिनं तिथल्याच एका मुलाला पसंत केलं. तो आमच्या जातीचा नव्हता. घरी सांगायला आली, चार दिवस घर नुसतं धुमसलं, आणि पाचव्या दिवशी पहाटे ती पिशवी उचलून निघून गेली. त्यांनी लग्न केलं, मग दोघंही त्या देशात गेले. या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. मी तिच्याशी फोनवर बोलायचे, आधी एसटीडी बूथवरून आणि नंतर मोबाईलवरून. मालक नऊ वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी फोनवर असले की ते अंगणात जाऊन उभे राहायचे. पहिल्याच वर्षी तिचं पोट पडलं. ते मी रडत रडत सांगितलं, तर हा माणूस काही न बोलता उठला आणि डेपोत निघून गेला. इतका कसला राग धरायचा पोटच्या पोरीवर, असं म्हणून त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता एवढ्या वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना होता. डॉक्टरनं प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं. फोनवर मला म्हणाली, “अप्पाला घिऊन ये आई. बोलले न्हाईत तरी चालंल. माज्या घरी एकदा जेवावं फक्त.”

एवढंच तिला हवं होतं आणि एवढंच मला घडवून आणायचं होतं. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलानं त्याची युक्ती काढली. तिकिटं काढली ती ‘टूर’ म्हणून. मालकांनीही ते तसंच घेतलं. “टूरला जायला माजी काय ना न्हाई. वाटंत तिचं गाव लागलं तर बघू,” म्हणाले. तिचं गाव वाटेत लागणार नव्हतं, वाट तिथंच संपत होती. पण शिकवण्याच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते, की सगळ्याच चुका लगेच दुरुस्त करायच्या नसतात.

आम्ही क्राइस्टचर्चला उतरलो आणि रात्र हॉटेलात काढली. तिथून लेकीच्या ड्युनेडिनला जायला मुलानं बसची तिकिटं काढून ठेवली होती. मालकांनी बस खालून-वरून पाहिली, टायर दाबून पाहिले आणि चढायला नकार दिला. “बत्तीस वर्षं म्होरं बसलो. आता मागं बसून दुसऱ्याचा ब्रेक बघू?” म्हणून मग भाड्याची मोटार. तिकडंही गाड्या डावीकडूनच चालतात, लायसन चालत होतं, रस्ता साडेतीनशे किलोमीटर. हुमनाबादेहून पुण्याला जायचं त्याहून थोडं कमीच. आठला निघालो तर दोनपर्यंत पोचू आणि जेवण सहाला, कारण तिकडं लोक सहालाच जेवतात. चार तास हाताशी होते म्हणून मी खुशीत होते.

मोटारीच्या कचेरीतल्या मुलीनं किल्ली पुढं केली आणि गोड हसून विचारलं, “सो, व्हेअर आर यू हेडेड टुडे?”

मालकांना इंग्रजी पाच-सहा शब्द येतात. ब्रेकडाऊन, रिव्हर्स, नो पार्किंग, टायमिंग, आणि दुर्दैवानं व्हेअर. त्यांनी हातात घेतलेली किल्ली परत काउंटरवर ठेवली.

“व्हेअर म्हंजे कुठंच न्हवं?” मला विचारलं.

“दुसराबी अर्थ व्हतोय,” मी म्हणाले.

“कंचा?”

मास्तरणीला शब्दाचा खोटा अर्थ सांगता येत नाही.  आम्ही हॉटेलात माघारी आलो. खोली तर आम्ही सकाळीच सोडलेली. मालक खालच्या सोफ्यावर जाऊन बसले आणि काउंटरवरच्या बाईकडं अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागितलं. त्या खुणेचा तिनं भलताच अर्थ घेतला आणि बार अकराला उघडतो असं सांगितलं. शेवटी माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यालो आणि पुन्हा निघालो.

गाडी बिनगिअरची. त्यांचा डावा पाय क्लच शोधत राहिला आणि डावा हात गिअर शोधताना दर चौकात माझ्या गुडघ्यावर येऊन पडत राहिला. सगळ्या संसारात मिळून एवढ्या वेळा पडला नसेल. वळण आलं की लांबलचक हॉर्न द्यायचे, बसची सवय. तिकडं हॉर्न म्हणजे शिवी. समोरून येणारे लोक आधी दचकायचे, मग रागानं बघायचे, आणि मी हात जोडायचे.

तीसेक किलोमीटरवर एका बागेत बाकावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. पुढं तेवढंच अंतर गेल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस काच पुसता पुसता म्हणाला, “व्हेअर यू फोक्स ऑफ टू?”

“झालं,” मालक म्हणाले.

आता माघारी फिरायचं म्हणजे कुठवर, हा प्रश्न आला. घर तर हुमनाबादला. मालकांनी विचार करून सांगितलं की जिथं शेवटचं बूड टेकलं ते घर. मी म्हणाले, शेवटचं काय, तुमी आताबी गाडीत बसूनच हाव की. ते म्हणाले, “गाडीतलं बसनं बसनं न्हवं. ती ड्युटी.” आम्ही तीस किलोमीटर माघारी त्या बाकापाशी गेलो, बसलो, पाणी प्यालो आणि पुन्हा तीस किलोमीटर येऊन त्याच पंपावरून मान खाली घालून पुढं गेलो. बाकावर तोवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांना सरकायला लावलं ते वेगळंच.

इतके गोड लोक मी आयुष्यात पाहिले नाहीत आणि इतका राग मला कधी कुणाचा आला नाही. आइस्क्रीमवाल्यानं विचारलं. कुत्रं फिरवणाऱ्या बाईनं विचारलं. सार्वजनिक संडासातून बाहेर पडताना एका गृहस्थानं दार धरून ठेवलं आणि विचारलं. निघालेला माणूस दिसला की कुठं विचारायचं, हीच तिथली माणुसकी. मालक दर वेळी गाडी वळवायचे आणि मी दर वेळी घड्याळ बघायचे. दोन वाजले तेव्हा आम्ही अर्ध्याच्याही अलीकडं होतो. मी म्हणाले, “पोरगी सा वाजता ताट वाढून बसंल. तुमाला जायचंच न्हाई असं सरळ सांगा की.” त्यांनी नुसतं आरशात बघून गाडी वळवली.

शेवटी टिमारू नावाच्या गावात मला सुचलं. मी एका दुकानातून घडीची खुर्ची विकत घेतली. “हे घर,” मी म्हणाले.

मालक खुर्चीकडं बघत राहिले. “कसं काय?”

“शेवटचं बूड टेकलं ते घर, तुमीच म्हणलाव. मग घर डिकीत ठिवू. कुणी इचारलं की बाहीर काढायचं, बसायचं, पाणी प्यायचं आन निघायचं. माघारी जायचं कामच न्हाई.”

त्यांनी खुर्ची उघडली, मिटली, पाय हलवून पाहिले. नियमात कुठं अडत नव्हतं. “पर घरभरणी केल्याबिगर घर कसं व्हईल?” म्हणाले. माझ्या पर्समध्ये हळदीकुंकवाची पुडी होती. भर दुपारी, दुकानाच्या पार्किंगमध्ये, मी त्या निळ्या कापडी खुर्चीला हळदकुंकू लावलं आणि पुढ्यात कडक भाकरीचा तुकडा ठेवला. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका बाईनं फोटो घेतला. मला लाज वाटायची ती बागेतल्या बाकापाशीच वाटून संपली होती.

युक्ती चालली, पण तिच्यात एक खोट निघाली. पुढच्या गावात कुणीतरी विचारलं, म्हणून आम्ही गावाबाहेर रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडली आणि मालक पिशवीतला तांब्या भरून घेऊन तिच्यावर बसले. आता परदेशात हमरस्त्याच्या कडेला एक म्हातारा माणूस गांधी टोपी घालून खुर्चीवर बसलाय म्हटल्यावर कुठला भला माणूस न थांबता जाईल? एक गाडी थांबली. सगळं ठीक ना, असं विचारून त्यांनी पुढं विचारलंच. मालक उठले होते ते पुन्हा बसले. पाणी प्याले. उठले, तर दुसरी गाडी थांबली. असं चार वेळा झालं. तांब्या संपला, बाटल्या संपत आल्या आणि मालकांना वेगळीच अडचण व्हायला लागली. ते झुडपामागं जाऊन आले तोवर पाचवी गाडी आली, तिच्यावर दिवा होता.

पोलीस तरणा होता, उंच, नम्र. कुणीतरी काळजीनं कळवलं असावं. त्यानं मालकांना विचारलं, तुम्ही ठीक आहात ना?

“हौ,” मालक म्हणाले.

आमच्या भागात निम्मं बोलणं दखनी उर्दूत चालतं, त्यातलं हे ‘हो’. ड्रायव्हर लोकांच्या तोंडात तर हौशिवाय दुसरा होकार नाही. पोलिसाला ते इंग्रजी ‘हाऊ’ वाटलं. म्हणजे ‘कसं?’ त्यानं समजावून सांगितलं की म्हणजे तब्येत वगैरे, काही मदत हवीय का.

“हौ हौ,” मालक म्हणाले. मदत नको असं त्यांना म्हणायचं होतं, पण वर्दीवाल्याला नाही कसं म्हणणार.

कशी म्हणजे, हवी तशी, पोलीस म्हणाला. गाडी बंद पडलीय का?

“ब्रेकडाऊन?” ओळखीचा शब्द मिळाल्यामुळं मालकांचा चेहरा खुलला. “हौ, नो ब्रेकडाऊन.”

पोलीस गाडीकडं बघून आला, खुर्चीवरचं कुंकू बघून आला आणि माझ्याकडं वळला. रक्त आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. निघालेल्या माणसाला काय विचारू नये, विचारलं तर काय करावं लागतं, आणि आमची गरोदर लेक सहा वाजता जेवायला वाट बघत बसणार आहे, आणि आता साडेपाच झालेत. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. वर्गात इतकं ऐकणारा विद्यार्थी मला क्वचित मिळाला.

“मग काय विचारायचं?” त्यानं विचारलं.

“लांब का, असं.”

तो मालकांसमोर जाऊन उभा राहिला, टोपी काढली आणि इंग्रजीतच पण नीट विचारलं, “इज इट फार?”

मी मराठीत सांगितलं. मालक खुर्चीतून उठले, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाला दिलं नसेल इतक्या अदबीनं उत्तर दिलं, “व्हय साहेब. जरा लांब.”

पोलिसानं हॉर्न जरा कमी वाजवायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची मिटून डिकीत ठेवली.

त्यानंतर आम्ही कुठंच थांबलो नाही, एक मेंढरं आडवी आली तेवढंच. शेदोनशे मेंढरं संथपणे रस्ता ओलांडत होती आणि मेंढरंवाला चारचाकी फटफटीवर बसून मागून येत होता. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांकडं मेंढरं होती, पुढं शेती आली, मग नोकरी. मालकांनी काच खाली करून वास घेतला. त्या मेंढरंवाल्यानं आमच्याकडं बघून एक बोट वर केलं आणि काही न विचारता निघून गेला. “ह्यो आपल्यातला हाय,” मालक म्हणाले. दिवसभरात नियम सोडून त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलंच वाक्य.

सहा वाजून गेले. साडेसहा झाले. उन्हाळा होता, ऊन कलायचं नाव घेत नव्हतं. मुलानं दिलेला मोबाईल माझ्या मांडीवर होता आणि तो वाजायची मला धास्ती वाटत होती, कारण मोबाईलवर जगातली सगळी माणसं एकच विचारतात. पोरगी काळजीत असणार, तिच्याही तोंडातून तेच निघणार, आणि मग हा माणूस खुर्ची काढणार. आता खुर्ची काढली तर ती उचलून मी समुद्रात फेकीन, असं मी मनाशी ठरवलं होतं. डाव्या हाताला समुद्र होताच.

सातच्या सुमाराला फोन वाजला. वाऱ्यानं ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला.

“आई,” लेक म्हणाली, “लांब हाव का अजून?”

मी काही बोलायच्या आत मालकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

“जरा लांब,” मी फोनमध्ये म्हणाले.

“या सावकाश. मी जेवले न्हाई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मालकांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग म्हणाले, “तिला ध्यानात हाय.”

“काय?”

“मी तिला इचारलं व्हतं.”

मला कळेना. ते समोरच्या काचेकडं बघत बोलत राहिले. ती गेली त्या पहाटे मी आतल्या खोलीत होते आणि झोपले होते, निदान घरात तसंच धरलं जात होतं. ते ड्युटीला निघायच्या तयारीत होते. ती पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली, चप्पल घातली. त्यांना अडवायची हिंमत झाली नाही आणि जा म्हणायचीही झाली नाही. “म्हणून मी जानून इचारलं. कुठं निघालीस, म्हणून. म्हणलं, आता माघारी फिरंल. बसंल. पानी पीयापुरतं तरी बसंल. मी तांब्या भरून ठिवला व्हता. बसली असती तर काईतरी बोलनं झालं असतं.”

“मग?”

“माज्याकडं बघितलं आन गेली.”

उभ्या जन्मात ज्या माणसानं निघालेल्या कुणाला कुठं विचारलं नव्हतं, त्यानं ते एकदाच विचारलं होतं, आणि पोटच्या पोरीला.

“मग वर्षाच्या आतच तिचं पोट पडलं,” ते म्हणाले. “ते माजं लागलं तिला. नऊ वर्षं कंच्या तोंडानं बोलू? आता या बारीला दिवस गेलेत. तिच्या दारात ‘कुठं’ घिऊन जायाचं न्हाई म्हणून दिवसभर पानी पेतोय, आन तू म्हणायलीस मला जायाचं न्हाई.”

मी नऊ वर्षं ज्याला राग समजत होते तो राग नव्हता. ती भीती होती, आणि ती उराशी धरून हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता. मला त्यांचा कळवळा आला आणि त्याच क्षणी इतका संताप आला, की मी म्हणाले, “पोट पडलं ते तिला तिसऱ्या महिन्यात कावीळ झाल्ती म्हणून. डॉक्टरनं सांगितलंय. कामून मला एकदा इचारलं न्हाई?”

“कावीळ?”

“व्हय, कावीळ.”

ते थोडा वेळ ते पडताळून बघत बसले. कावीळ पटली की नाही मला आजही माहीत नाही. गाडी सुरू करताना त्यांचा हात पुन्हा माझ्या गुडघ्यावर पडला, पण या वेळी गिअर शोधत नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि तरीही उजेड होता. चढावरचं लहानसं घर, पुढं तीन पायऱ्या. फाटकाशी जावई उभा होता. त्याला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. तो इतका घाबरला होता की नमस्कार करायचंही विसरला.  मालकांनी गाडीकडं हात करून विचारलं, “हितं लावली तर चालंल?”

“हौ,” जावई म्हणाला. हैदराबादचाच तो.

मालकांनी त्याच्याकडं नीट बघितलं. आख्ख्या देशात हौ कळणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. “हौ?” त्यांनी खात्री केली. “हौ हौ,” तो म्हणाला. त्या दोघांत आजवर झालेलं सगळ्यात मोठं बोलणं तेच असावं, पण ते चांगलं झालं.

लेक पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन दारात आली. पोट चांगलंच दिसत होतं. मालक फाटकातून आत आले आणि खालच्या पायरीपाशी थांबले. तिनं पेला भरून पुढं केला. “पाणी घ्या अप्पा. लांबून आलाव.”

त्यांनी पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. दिवसभरात निदान पंधरा वेळा पाणी प्यालेला माणूस तो, मला वाटलं आता जागाच उरली नसेल. त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी तिच्याकडं परत केला.

“तू बस,” ते म्हणाले. “तू पी.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग एक हात भिंतीला धरून, जपून, ती वरच्या पायरीवर बसली. जावयाला वाटलं तिला चक्कर आली. तो धावला, मी त्याला दंडाला धरून थांबवलं. तिनं पेला तोंडाला लावला आणि घोटाघोटानं सगळा रिकामा केला. मालक तिच्यासमोर उभे राहून शेवटच्या घोटापर्यंत बघत होते. मग तेही तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

“आता लांब का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई अप्पा,” ती म्हणाली, “हितंच.”